गमतीदार सार्वजनिक शिल्पे आणि त्यांच्यावर जीव टाकणारे हौशी हात

सुईदोरा :

सार्वजनिक शिल्प म्हटले की उंच चौथरा, ताठ मान आणि खाली कोरलेली नावनिशी असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु जगातील अनेक शहरांत अशीही शिल्पे आहेत, ज्यांना कोणाचे स्मारक व्हायचे नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याची घटकाभर गंमत करायची आहे. स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा शहरात १९९७ सालापासून एक कांस्याचा कामगार रस्त्यातल्या मॅनहोलमधून अर्धा बाहेर येऊन, काठावर हात टेकून निवांत बघत पडला आहे. सिॲटल शहरात पुलाखाली १९९० साली उभारलेला काँक्रीटचा राक्षस सुमारे साडेपाच मीटर उंच असून त्याच्या पंजाखाली खरीखुरी फोक्सवॅगन बीटल मोटार आहे. पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरात तर कांस्याचे चिमुकले बुटके शेकड्यांनी विखुरलेले आहेत. त्यांतला कोणी गजांआड कैदेत बसला आहे, तर दोघे मिळून एक दगडी गोळा विरुद्ध बाजूंनी ढकलत आहेत.

या शिल्पांना लोक गप्प बसू देत नाहीत, हा या धाग्याचा विषय. थंडीत त्यांना टोप्या आणि मफलर घातले जातात, त्यांच्या पायांभोवती रंगीत विणकाम गुंडाळले जाते, त्यांच्या छोट्या प्रतिकृती विणल्या जातात, मातीत घडवल्या जातात, आणि काही जण त्या विकतातही. मी स्वतः क्रोशाच्या बाहुल्या करते आणि सध्या गोळा ढकलणाऱ्या बुटक्यांपैकी एक माझ्या सुईवर आहे. काम करताना सतत मनात येते, की टोपी घालणे, विणकाम गुंडाळणे, प्रतिकृती करणे आणि ती विकणे या कृती आपण हौस या एकाच नावाखाली मोजतो खऱ्या, पण शिल्पाच्या आणि शिल्पकाराच्या बाजूने पाहिले तर त्या एकसारख्या आहेत का? हौशी हाताने केलेली भर कुठपर्यंत शिल्पाच्या खेळातच सामील असते आणि कुठून पुढे तिचा उपद्रव सुरू होतो, यावर जाणकारांची मते वाचायला आवडतील.

वाटसरू :

चांगला विषय. या सगळ्या हौसेचा मुकुटमणी ग्लासगो शहरात आहे, असे माझे मत आहे. तिथला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा अश्वारूढ पुतळा १८४४ सालचा, कार्लो मारोकेत्ती या शिल्पकाराने घडवलेला. त्यात गमतीचा लवलेशही नाही. १९८०च्या दशकात कधीतरी रात्री कोणीतरी वर चढून ड्यूकच्या डोक्यावर ट्रॅफिक कोन ठेवला, पालिकेने तो काढला, दुसऱ्याने पुन्हा ठेवला, आणि हा पाठशिवणीचा खेळ आजतागायत चालू आहे. २०१३ साली पालिकेने चौथरा दुपटीने उंच करण्याचा ६५,००० पौंडांचा बेत आखला, तेव्हा एका दिवसात दहा हजारांहून अधिक लोकांनी विरोधाच्या निवेदनावर ऑनलाइन सह्या केल्या आणि तो बेत बासनात गेला.

मुद्दा असा, की इथे शिल्प गमतीदार नव्हतेच, लोकांनी ते तसे केले. आज तो कोन काढला तर उरेल तो एक सेनापती, ज्याच्याकडे वळून पाहण्याचे बहुतेकांना काही कारण नाही. म्हणून उपद्रव कोणता हे पालिकेला विचारून ठरवू नये, असे मला वाटते.

ताम्रपट :

वाटसरू, आपल्या उत्साहाला नाट लावायचा नाही, पण मी धातूच्या शिल्पांच्या निगराणीचे काम करत असल्यामुळे थोडी रुक्ष बाजू मांडतो. कोन स्वतः काहीच करत नाही. तो प्लास्टिकचा, हलका आणि पोकळ असतो. नुकसान होते ते चढणाऱ्यामुळे. ओतीव कांस्याचे शिल्प आतून पोकळ असते, भिंत काही मिलिमीटर जाडीची असते आणि लगाम, रिकीब, तलवार, उचललेला पाय असे सुटे दिसणारे भाग स्वतंत्रपणे ओतून नंतर जोडलेले असतात. माणूस चढताना नेमका त्यांनाच धरतो.

कापडाचा आणि लोकरीचा प्रश्न वेगळा आहे. उघड्यावरच्या कांस्यावर जो तपकिरी किंवा हिरवट थर दिसतो तो बहुतेक वेळा शिल्पकाराने रसायने आणि उष्णता वापरून मुद्दाम आणलेला असतो आणि त्यावर मेणाचा पातळ हात दिलेला असतो. पाऊस पडला की पाणी त्यावरून ओघळून जाते आणि पृष्ठभाग वाऱ्याने सुकतो. त्यावर विणकाम घट्ट गुंडाळले की पाणी ओघळायचे थांबते आणि धातूला चिकटून राहते; त्यात शहरातल्या हवेतली धूळ आणि क्षार मिसळतात. बरेच दिवस ओल्या विणकामाखाली राहिलेला एका शिल्पाचा हात मी जवळून पाहिला आहे. त्यावर फिकट हिरव्या रेषांची जाळी उमटली होती आणि भिंगातून पाहिल्यावर ती जाळी टाक्यांचीच आहे हे स्पष्ट कळत होते, कारण दोरा जिथे धातूला टेकला होता तिथे मेण गेले होते आणि मधल्या पोकळ्यांत ते शाबूत होते. जिथे विणकामाचा शेवट गाठ मारून पक्का केला होता तिथला डाग सर्वांत गडद होता. ते साफ करून पुन्हा मेण देणे अवघड नव्हते, पण मूळचा रंग तिथे कायमचा किंचित वेगळा राहिला.

तेव्हा माझ्या दृष्टीने प्रश्न हौस चांगली की वाईट हा नाही. किती वेळ राहणार, किती घट्ट बसणार आणि कोण काढणार, एवढेच मी विचारतो.

उलटसुलट :

ताम्रपट यांचे शेवटचे वाक्य प्रत्येक विणणाऱ्याने लिहून ठेवावे असे आहे. मी दोन सुयांवर विणते, आणि शिल्पांसाठी विणणे हे माणसासाठी विणण्याहून फार वेगळे आहे, हे इथे सांगणे विषयाला धरून होईल.

शिल्प हात वर करत नाही, मान वाकवत नाही. त्यामुळे डोक्यातून घालायचा स्वेटर त्याला चढवता येत नाही. बॉस्टनच्या सार्वजनिक बागेत १९८७ सालापासून नॅन्सी शोन यांनी घडवलेली एक बदकीण आणि तिच्यामागे एका ओळीत चालणारी आठ पिल्ले आहेत. १९४१ सालच्या ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ या मुलांच्या चित्रपुस्तकातली ही बदके आहेत. ती जमिनीच्या पातळीवर आहेत, मुलांना त्यांच्यावर बसता यावे असाच त्यांचा घाट आहे, आणि लोक त्यांना प्रसंगानुसार टोप्या, स्कार्फ आणि अंगरखे घालत असतात. त्यांच्या छायाचित्रांकडे विणणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर कळते, की नीट बसलेला प्रत्येक कपडा सपाट विणलेला असून पाठीमागे किंवा पोटाखाली बंदांनी, बटणांनी किंवा वेल्क्रोने बांधलेला आहे. शिल्पाला घालून मग जागेवर शिवून टाकलेला कपडा काढताना कात्री लागते, आणि कात्रीचे टोक मेणावर ओरखडा काढते.

या कलेची एक फार जुनी आणि शिस्तीची परंपरा ब्रसेल्सची आहे. मानेकेन पिस, म्हणजे कारंज्यावरचा तो सू करणारा कांस्याचा पोरगा, जेमतेम साडेपंचावन्न सेंटिमीटर उंच आहे. जेरोम द्युकेनॉय यांनी तो १६१९ च्या सुमारास घडवला. मूळ मूर्ती आता संग्रहालयात असून कारंज्यावर प्रतिकृती आहे. बव्हेरियाच्या इलेक्टरने १६९८ साली त्याला पहिला नोंदलेला पोशाख दिला, १७४७ साली फ्रान्सच्या पंधराव्या लुईने आणखी एक दिला, आणि आता पोशाखांची संख्या हजारापलीकडे गेली आहे. २०१७ साली केवळ या पोशाखांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. परंतु तिथे कोणी उठून पोशाख चढवीत नाही. देऊ केलेल्या पोशाखाला आधी मंजुरी लागते, तो घालण्याची तारीख ठरते, नेमलेला माणूस तो चढवतो आणि नेमलेलाच माणूस उतरवतो. शिवणाऱ्याला नमुना त्या मूर्तीच्या मापाचा मिळतो, आणि पाण्याच्या वाटेसाठी समोर जागा सोडावी लागते, हे वेगळे सांगायला नको!

रंगारी :

आपण सगळेच शिल्प म्हणजे मूळ रूपात जपायची वस्तू असे गृहीत धरून बोलत आहोत. टेक्सासमध्ये अमारिलोजवळ १९७४ साली ‘अँट फार्म’ या कलागटाने दहा कॅडिलॅक मोटारी नाकाडावर जमिनीत रोवून उभ्या केल्या. लोकांनी त्यांच्यावर रंगफवारे मारायला सुरुवात केली, कोणी अडवले नाही, आणि आज त्या मोटारींवर रंगाचे इतके थर आहेत की पत्र्याच्या कडा गोलसर झाल्या आहेत. थरांचे ढलपे आपोआप गळून पडतात आणि काही लोक ते घासून त्यांचे दागिने करतात, कारण कापलेल्या ढलप्यात पट्ट्यापट्ट्यांची सुंदर नक्षी दिसते. इथे कोणती अवस्था ‘मूळ’ मानून जपायची? रंगफवारा थांबवला तर उरेल ते गंजणारे भंगार. काही शिल्पे लोकांच्या हाताशिवाय पुरीच होत नाहीत.

ताम्रपट :

मान्य. पण तिथल्या कलावंतांना तो बदल चालत होता आणि मोटारी कशाही झाल्या तरी कल्पना टिकत होती. व्हेरोनाच्या ज्यूलिएटच्या पुतळ्याचे काय झाले पाहा. तिच्या छातीला हात लावला की प्रेमात यश येते, अशी समजूत पसरल्यावर कोट्यवधी हातांनी धातू झिजवला, तडे गेले, आणि २०१४ साली मूळ पुतळा आत हलवून बाहेर प्रतिकृती ठेवावी लागली. ब्रेमेनमध्ये गेरहार्ड मार्क्स यांनी १९५३ साली घडवलेल्या चार प्राण्यांच्या शिल्पातल्या गाढवाचे पुढचे पाय असेच हात लावून लावून सोन्यासारखे चकाकतात. गाढवाचे पाय जाड असावेत, म्हणून ते सोसत आहे. म्हणजे पुन्हा गोष्ट धातूच्या जाडीवरच आली.

मुका खांब :

सुईदोरा, शिल्पाला काही घालण्यापेक्षा शिल्पाची प्रतिकृती विणणे मला जास्त अवघड वाटते. गोळा ढकलणाऱ्या बुटक्याचे पाय आपण कसे उभे करता? क्रोशाची बाहुली घोट्यात हमखास मुडपते.

सुईदोरा :

मुका खांब, प्रश्न अगदी वर्मावर आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ओतीव शिल्पाचा भार आतल्या सांगाड्यावर आणि तळाच्या बोल्टांवर जातो, त्यामुळे शिल्पकार बारीक घोट्यावर बोजड अंग तोलू शकतो. आपल्याकडे आहे फक्त दोरा आणि भरण. त्यामुळे मूर्तीचे प्रमाण जसेच्या तसे घेतले तर बाहुली कधीच उभी राहत नाही. मी बुटक्याचे बूट त्याच्या डोक्याएवढे मोठे करते, बुटाच्या तळाशी जाड पुठ्ठ्याची चकती आणि त्यावर एक चपटा दगड घालते, आणि बुटापासून कमरेपर्यंत एकच दुहेरी तार मधे न तोडता नेते. तारेची टोके उलटी वळवून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर ती विणीतून बाहेर डोकावतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते. कांस्यात कपड्याच्या चुण्या, बोटांची पेरे, दाढीचे केस असे सगळे आहे; दोऱ्यात यातले एकही नीट उतरत नाही. त्या बुटक्याचा सगळा जीव त्याच्या कलण्यात आहे. टाच उचललेली, गुडघा दुमडलेला, पाठ तिरपी आणि डोके दोन्ही हातांच्या मध्ये खाली गेलेले. म्हणून मी धडाची नळी सरळ न विणता एका बाजूला प्रत्येक फेरीत दोन टाके वाढवते आणि समोरच्या बाजूला दोन घटवते. एकूण टाके तेवढेच राहतात, पण नळी आपोआप पुढे झुकते आणि तारेवर ताण येत नाही. चेहरा मी करतच नाही, कारण टोपीच्या काठाखाली तो तसाही दिसत नाही.

गोळ्याची रीत सर्वांना ठाऊक असेल, तरी नवख्यांसाठी सांगते. मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात) सहा मुके खांब (क्रोशाचे आखूड साधे टाके) घालून सुरुवात करायची, पुढच्या फेरीला बारा, मग अठरा, असे दर फेरीला सहा टाके वाढवत गेले की सपाट चकती होते. वाढवणे थांबवले की कडा वर उठून वाटी तयार होते. मग घटवत आणले की गोळा मिटतो. घटवताना टाक्यांचा फक्त पुढचा धागा उचलला तर भोके पडत नाहीत. सुई मात्र लोकरीच्या वेष्टनावर सांगितलेल्या मापाहून बारीक घ्यावी, नाहीतर आतले पांढरे भरण टाक्यांतून दिसते आणि दगडाचा आभास पार जातो. गोळ्यासाठी मी करड्या रंगाच्या दोन छटांचे धागे एकत्र धरते.

मुका खांब :

दर फेरीला सहा टाके वाढवले की चकती सपाट राहते आणि कमी वाढवले की वाटी होते, हे आपण म्हणालात. त्यापुढची पायरी फार मजेची आहे. सहाहून पुष्कळ जास्त टाके वाढवत गेलो, तर कडेला इतकी लांबी तयार होते की ती सपाट मावत नाही आणि कोबीच्या पानासारखी लाटा घेऊ लागते. बहुतेक नवखे याला चूक समजून उसवतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तायमिन्या यांनी १९९७ साली नेमका हाच गुण पकडून अतिपरवलयी, म्हणजे सगळीकडे खोगिरासारख्या वळणाऱ्या, पृष्ठभागाची टिकाऊ प्रतिकृती क्रोशाने करून दाखवली. विद्यार्थ्यांना ती हाताळता येत होती, घडी घालता येत होती. त्याआधी कागदाच्या प्रतिकृती वापरत, त्या चटकन फाटत.

पुढे २००५ साली मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये याच तंत्राने प्रवाळाचे विणलेले बेट करायला घेतले. प्रवाळ, समुद्री गोगलगाई आणि शेवाळ यांच्या कडा निसर्गातच अशा लाटा घेतात, त्यामुळे विणकाम आणि विषय एकमेकांना चपखल बसले. नंतर वेगवेगळ्या देशांतल्या हजारो विणणाऱ्यांनी आपापली बेटे विणली आहेत. यात मला आवडणारी गोष्ट अशी, की मूळ सूत्र सर्वांना दिलेले असते आणि त्यात फेरफार करण्याची मुभाही असते. दर पाच टाक्यांऐवजी दर तीन टाक्यांना वाढ केली, मधेच दोरा बदलला, की नवा ‘जीव’ जन्माला येतो. नक्कल आणि निर्मिती यांतली सीमा इथे विणता विणताच ओलांडली जाते.

कलमकसाई :

सीमेचा विषय निघालाच आहे, तर कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. थोडक्यात हा शब्द माझ्या व्यवसायात सैलपणे वापरला जातो, याची कल्पना असावी.

शिल्प रस्त्यावर आहे म्हणून ते सर्वांच्या मालकीचे झाले, ही समजूत चुकीची आहे. मूर्ती पालिकेची असू शकते, पण तिच्या घडवलेल्या रूपावरचा हक्क (कॉपीराइट) सामान्यतः शिल्पकाराकडे आणि नंतर वारसांकडे असतो. बहुतेक देश यात काही सवलती देतात, पण त्या सारख्या नाहीत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचे चित्र, रेखाटन, कोरीवकाम किंवा छायाचित्र करणे आणि प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरत नाही. या यादीत त्रिमित प्रतिकृती नाही, हे लक्षात घ्यावे. म्हणजे बुटक्याचे चित्र भरतकामात काढणे आणि बुटका क्रोशाने उभा करणे यांत कायदा फरक करू शकतो, हौशी माणसाला तो कितीही विचित्र वाटला तरी.

कोपनहेगनची जलपरी हे याचे नेहमीचे उदाहरण. एडवर्ड एरिक्सन यांनी ती १९१३ साली घडवली, ते १९५९ साली वारले, म्हणून तिच्यावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालतो आणि वारस तो जागरूकपणे बजावतात. एका डॅनिश वृत्तपत्राने जलपरीचे व्यंगचित्र छापले म्हणून खालच्या न्यायालयांनी त्याला भरपाई द्यायला लावली होती. २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि विडंबनाला जागा असल्याचे सांगितले. मला हा निकाल स्वागतार्ह वाटतो, कारण गमतीवर गंमत करता येत नसेल तर गंमत उरत नाही.

चाहत्यांच्या हस्तकलेत पैसा शिरला की वातावरण बदलते. २००८ साली ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’ या मालिकेतल्या अडिपोझ नावाच्या गुबगुबीत प्राण्याचा विणकामाचा नमुना, म्हणजे टाक्यांची लिहिलेली कृती, एका विणणारीने इंटरनेटवर फुकट ठेवला होता. त्यावरून कोणी तिसऱ्यानेच बाहुल्या करून लिलावाच्या संकेतस्थळावर विकायला काढल्या, आणि बीबीसीने नमुनाच काढून टाकायला सांगितले. २०१३ साली ‘फायरफ्लाय’ मालिकेतील एका पात्राची ओबडधोबड कानटोपी विणून विकणाऱ्यांना, ती टोपी अधिकृतपणे बाजारात आल्यावर, अशाच नोटिसा गेल्या. मालिका बंद होऊन दहा वर्षे झाली होती आणि तिची आठवण जागती ठेवली होती ती याच टोप्या विणणाऱ्यांनी. कायद्याने मालक बरोबर असेल, पण शहाणपणाने नाही, असे माझे वैयक्तिक मत आहे.

शेवटचा मुद्दा शिल्पकाराच्या प्रतिष्ठेचा. कृती विकल्यावरही तिची मोडतोड किंवा विद्रूपीकरण होऊ न देण्याचा हक्क शिल्पकाराकडे राहतो. अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनासाठी केलेले कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून खराब अवस्थेत ठेवले गेले; २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. टोपी घातल्याने प्रतिष्ठा जात नाही, हे उघड आहे. ताम्रपट यांनी सांगितलेला हिरवा डाग मात्र या चौकटीत येऊ शकतो.

शिल्पवेडा :

आतापर्यंतची चर्चा शिल्पाकडून चाहत्याकडे गेली, पण उलटी वाटही आहे. जपानमधील साकाइमिनातो हे गाव मांगाकार, म्हणजे जपानी चित्रकथाकार, शिगेरु मिझुकी यांचे. त्यांच्या चित्रांतली भुते आणि यक्षिणीसारखे प्राणी १९९३ पासून तिथल्या रस्त्याकडेला कांस्यात उभे राहू लागले. सुरुवातीला २३ होते, आता पावणेदोनशेहून अधिक आहेत. बहुतेक इतके लहान आहेत की दगडी खांबावर ठेवावे लागले. सबंध रस्ता म्हणजे एका चित्रकाराच्या वाचकांनी चालत वाचायचे पुस्तक झाला आहे.

डेट्रॉइटमध्ये याहून गमतीचे झाले. २०११ साली कोणीतरी महापौरांना ‘रोबोकॉप’ या चित्रपटातल्या यंत्रपोलिसाचा पुतळा उभारावा असे सुचवले, महापौरांनी नम्रपणे नाही म्हटले, आणि चाहत्यांनी इंटरनेटवर वर्गणी काढून ६७,००० डॉलरहून अधिक रक्कम जमवली. पुतळा घडून पुरा व्हायला पुढे कित्येक वर्षे गेली. चित्रपटातला पोशाख मुळात फोम आणि फायबरचा, त्याला साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचे कांस्य करायचे म्हणजे प्रत्येक सांधा नव्याने सोडवावा लागतो. चाहत्यांची कला म्हणजे फावल्या वेळचे काम, ही समजूत अशा प्रकल्पापुढे टिकत नाही.

नेकचंद यांचेही नाव इथे घेतलेच पाहिजे, जरी ते कोणाचे चाहते नव्हते. चंडीगढमध्ये रस्ते निरीक्षकाची नोकरी करत त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून राखीव जंगलात गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि विजेच्या साहित्याचे तुकडे जोडून माणसे आणि प्राणी घडवले. ते उघडकीला आल्यावर पाडायचे की ठेवायचे यावर खल झाला, आणि १९७६ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. परवानगी नसलेल्या हाताने केलेले काम नंतर शहराचा अभिमान ठरते, याहून मोठे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

वाटसरू :

शिल्पवेडा यांच्याशी सहमत, पण एक कुरबुर नोंदवतो. गंमत यशस्वी झाली की तिची फ्रँचायझी होते. झुरिचमध्ये १९९८ साली रंगवलेल्या फायबरच्या गाई रस्त्यांवर आल्या, पुढच्याच वर्षी शिकागोत तीनशेहून अधिक आल्या, आणि मग जगभरच्या शहरांनी कोणता ना कोणता प्राणी एकाच साच्यातून काढून, प्रायोजकाची पाटी लावून, चित्रकारांकडून रंगवून घेतला. लिलावाचा पैसा धर्मादाय कामाला गेला हे चांगलेच, पण साचा एकच असल्यावर आश्चर्य दुसऱ्या कोपऱ्यावर संपते.

व्रोत्सवाफच्या बुटक्यांचेही तेच होत आहे, अशी मला शंका आहे. १९८० च्या दशकात ‘ऑरेंज ऑल्टरनेटिव्ह’ या गटाने सरकारविरोधी घोषणा जिथे रंगाने पुसल्या होत्या, नेमक्या त्या डागांवर बुटके चितारले. बुटक्याला अटक करणाऱ्या पोलिसाचेच हसे होत असे. त्या आठवणीसाठी २००१ साली पहिला कांस्याचा बुटका बसला. आज बँका आणि हॉटेले आपल्या दारात स्वतःचा बुटका बसवून घेतात. खोडी काढणारा आता पाहुण्यांचे स्वागत करतो, आणि म्हणूनच त्याला अनोळखी हाताने घातलेली वेडीवाकडी टोपी मला त्याच्या मूळ स्वभावाला जास्त जवळची वाटते.

रंगारी :

वाटसरू, वेडीवाकडी टोपी खरीच, पण तिलाही आता परंपरा आहे. २००५ साली ह्यूस्टनमध्ये मॅग्दा सायेग यांनी स्वतःच्या दुकानाच्या दारमुठीला विणलेले कव्हर घातले, तिथून विणकामाने शहर सजवण्याची आजची लाट सुरू झाली असे मानतात. डिसेंबर २०१० मध्ये ओलेक या कलावतीने न्यूयॉर्कचा ‘चार्जिंग बुल’ शिंगांपासून शेपटीपर्यंत गुलाबी-जांभळ्या क्रोशात मढवला आणि राखणदारांनी तो काही तासांतच उतरवला. लक्षात ठेवण्याजोगे हे, की तो बैलही आर्तुरो दि मोदिका यांनी १९८९ साली रातोरात, कोणाची परवानगी न घेता शहरात आणून सोडला होता.

ताम्रपट :

आणि काही तासच राहिल्यामुळे बैलाला काही झाले नाही, एवढी पुस्ती जोडतो. ज्यांना खरोखर घालायचे आहे त्यांच्यासाठी माझा सल्ला असा. लोकर ॲक्रिलिक घ्यावी, कारण ती पाणी कमी धरते आणि रंग सहसा सोडत नाही. सुती दोरा ओला राहतो आणि गडद रंग असल्यास फिकट दगडावर उतरतो. धातूची बटणे, टाचण्या, तार आणि गोंद यांतले काहीही शिल्पाला लागू देऊ नये. दगडी आणि रंगवलेल्या काँक्रीटच्या शिल्पाला तर शक्यतो काही गुंडाळूच नये, कारण दगडाच्या छिद्रांत शिरलेला रंग कांस्यावरच्या डागासारखा पुसता येत नाही. झाडांनाही हाच नियम लावावा. खोडाभोवती महिनोन्महिने राहिलेले ओले विणकाम सालीवर बुरशी धरते. आणि पावसाचा अंदाज असेल तर आदल्या दिवशीच काढून न्यावे.

उलटसुलट :

यात मापाची भर घालते, कारण न मापता विणलेली वस्तू एकतर ओढून बसवावी लागते किंवा वाऱ्याने उडते. शिल्पाला फीत लावून मोजणे शक्य नसेल तर समोरून आणि बाजूने अशी दोन छायाचित्रे घ्यावीत आणि दोन्हींत शिल्पाला टेकवून एकच ओळखीच्या लांबीची वस्तू, उदाहरणार्थ तीस सेंटिमीटरची पट्टी, धरावी. डोक्याची रुंदी आणि खोली यांची सरासरी काढून तिला ३.१४ ने गुणले की घेर बऱ्यापैकी बरोबर येतो. माणसाच्या टोपीत आपण घेरापेक्षा थोडे कमी टाके घालतो, कारण लोकर ताणली जाऊन धरून ठेवते. शिल्पाच्या टोपीत पुरा घेर घ्यावा आणि धरून ठेवण्याचे काम हनुवटीखालच्या बंदाकडे द्यावे. बंदाला गाठ न मारता सरकफास द्यावा, म्हणजे बागेचा रखवालदारही तो एका हाताने सोडवू शकतो.

सुईदोरा :

उलटसुलट, सरकफासाची सूचना उचलली. कलमकसाई यांच्या प्रतिसादानंतर मी बुटक्याचा नमुना विकायचा विचार बाजूला ठेवला आहे. बाहुली घरातच राहील, आणि नमुना द्यायचाच झाला तर कोणत्याही शहराच्या बुटक्याचा नसलेला, माझ्या प्रमाणांचा आणि माझ्या टोपीचा देईन. मुका खांब, धड पुढे झुकवण्याची वीण आपण करून पाहिलीत, तर वाढीचे दोन टाके दर फेरीला एकावर एक येऊ देऊ नका. एक-एक टाका सरकवत न्या, नाहीतर पाठीवर सरळ कणा उमटतो.